न गायलेल्या शब्दांचा वाटा

‘स्टार ट्रेक’ची शीर्षकधून जगभर ओळखीची आहे. त्या धुनेला शब्दही आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मूळ मालिकेच्या तिन्ही पर्वांत (१९६६–१९६९) ते एकदाही गायले गेले नाहीत.

धून अमेरिकी संगीतकार अलेक्झांडर करेज यांची. आरंभी पितळी वाद्यांची ललकारी, पाठोपाठ लुली जीन नॉर्मन यांचा शब्दाविना उंचावत जाणारा स्वर, आणि पडद्यावरून सुसाट जाणारे अंतराळयान. त्या यानाचा ‘सूंऽऽ’ हा आवाजही करेज यांनी स्वतःच्या तोंडाने काढलेला होता!

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्याशी झालेल्या करारात एक कलम होते: धुनेसाठी गीत लिहिण्याचा हक्क रॉडनबेरींना राहील. करेज यांनी सही केली. पुढे रॉडनबेरींनी खरोखरच गीत लिहिले. ते गायले जावे हा हेतूच नव्हता. परंतु गीतकार म्हणून नाव लागताच रॉयल्टीचा निम्मा वाटा त्यांचा झाला. धून केवळ वाद्यांवर वाजली, तरीही.

कायद्याने यात वावगे काही नव्हते. करेज यांचा आक्षेप नीतीचा होता, आणि तो रास्तच म्हणावा लागेल.

१९८७ साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली, तेव्हा तिच्या शीर्षकासाठी जेरी गोल्डस्मिथ यांचे १९७९ च्या चित्रपटातील संगीत घेण्यात आले. त्याच्या आरंभी मात्र करेज यांचीच ललकारी जोडलेली होती.