परिचय, पुनरावृत्ती आणि विश्वास : हुपरीच्या चांदी व्यवसायाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
ज्या कामाचा दर्जा ग्राहकाला स्वतः पारखता येत नाही, त्या कामाला गिऱ्हाईक मिळते ते मुख्यतः परिचयातून. या दृष्टीने वकील, डॉक्टर आणि मजुरीवर दागिने घडविणारा कारागीर यांच्यात साम्य आहे. तिघेही आपले कौशल्य व सचोटी विकत असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी (ता. हातकणंगले) येथील चांदी व्यवसायाच्या आधारे परिचयाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायाचे स्वरूप :
हुपरीतील या व्यवसायाचा आरंभ विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा मानला जातो. पुढे तो रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड या परिसरातील गावांतही पसरला. येथील ‘धडी’ उत्पादक व्यापाऱ्याकडून चांदी घेतो, पैंजण, वाळे, जोडवी घडवून वजनाने परत करतो आणि मजुरी घेतो. तयार माल घेऊन व्यापारी परप्रांतांतील सराफ पेठांत वारंवार जात. तीच व्यक्ती, तोच माल आणि ठरलेली फेरी यांतून ओळख दृढ होई, उधारी मिळे व नवी मागणी येई.

पुनरावृत्तीचा परिणाम :
मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी इ. स. १९६८ मध्ये दाखवून दिले की, एखादी गोष्ट केवळ पुनःपुन्हा दृष्टीस पडल्याने तिच्याविषयी अनुकूलता वाढते. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी वकिलांना जाहिरातीद्वारे काम मिळविण्यास मनाई केली आहे. अशा व्यवसायांत सततच्या सामाजिक संपर्काला विशेष महत्त्व येते ते यामुळेच. मात्र अनुकूलता म्हणजे गुणवत्तेचा पुरावा नव्हे. डार्बी व कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी इ. स. १९७३ मध्ये वापरानंतरही ग्राहकाला न कळणाऱ्या गुणांची चर्चा केली. चांदीचा टंच हा असाच गुण होय. पैंजणाच्या कड्या जोडताना लावलेल्या डाकेत इतर धातू असतात. त्यामुळे मूळ चांदी शुद्ध असली तरी तयार दागिन्याचा टंच उतरतो. वर्षानुवर्षे पैंजण वापरणाऱ्या स्त्रीलाही हा फरक कळत नाही. तो कळतो मोड विकताना, आणि तेव्हा तिच्या बचतीतील तूट भरून निघत नाही.

व्यक्तीकडून संस्थेकडे :
भारतीय मानक ब्युरोने इ. स. २००५ मध्ये चांदीसाठी हॉलमार्क योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची भर पडली. यामुळे विश्वासाचा आधार ओळखीच्या चेहऱ्याकडून तपासणीकडे सरकू लागला. केवळ ओळखीवर चालणाऱ्या बाजारात प्रामाणिक परंतु नवख्या कारागिराला प्रवेश मिळणे कठीण जाते. जुन्या ओळखीचा दोष मात्र दीर्घकाळ झाकला जातो. म्हणून हा बदल ग्राहकाइतकाच लहान धडी उत्पादकाच्याही हिताचा आहे.

समारोप :
पुनरावृत्तीने ओळख निर्माण होते, हे हुपरीच्या फिरत्या व्यापाराने दाखवून दिले. परंतु अशी ओळख कामाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. हुपरीला बाजारपेठ मिळवून देण्यात परिचयाचा वाटा मोठा आहे. ती टिकविण्यासाठी मात्र टंचाची खात्री आवश्यक आहे. सेवा विकणाऱ्या प्रत्येक व्यवसायाने यावरून बोध घ्यावा.