गोळी औषध कधी आणि गुन्हा कधी? अमली पदार्थांची कायदेशीर वर्गवारी

उम्राहला निघालेल्या अम्मीच्या पिशवीत झोपेच्या गोळ्या असतात. आखातात नोकरीला चाललेल्या मुलाच्या हातात कुणीतरी 'माझ्या भावाला द्या' म्हणून औषधाचं पाकीट देतं. यातलं कायद्याच्या कक्षेत काय येतं, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. म्हणून ही माहिती आम्ही सोप्या शब्दांत देत आहोत.

कायद्यातील तीन गट

आपल्या देशात यासाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात तीन गट केले आहेत.

१) अमली पदार्थ : अफू, गांजा, चरस, कोकेन, हेरॉईन वगैरे. भांगेची नुसती पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. मात्र भांगेवर महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा लागू होतो.

२) मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ : यांची यादी कायद्याला जोडलेली आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम ही डॉक्टर लिहून देतात ती औषधंही यात आहेत. मेफेड्रोन, म्हणजे 'एमडी', २०१५ मध्ये आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल २०१८ मध्ये या यादीत आलं.

३) नियंत्रित पदार्थ : नशेचा माल बनवायला लागणारी रसायनं, उदाहरणार्थ एफेड्रीन.

शिक्षा वजनावर ठरते

२००१ पासून अल्प, मधली आणि व्यापारी अशा तीन पायऱ्या आहेत. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यापारी. हेरॉईनसाठी हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, तर एमडीसाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम.

अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत कैद, मधल्याला १० वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान १० आणि जास्तीत जास्त २० वर्षे. तिथे जामीनही फार कठीण. भेसळ असली तरी पूर्ण मिश्रणाचं वजन धरलं जातं, असा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे. म्हणजे 'असली माल थोडाच होता' हे सांगून सुटका होत नाही.

मेडिकलवरची औषधं

औषधांच्या नियमांत 'एच', 'एच-१' आणि 'एक्स' अशा याद्या आहेत. तिन्हींना डॉक्टरची चिठ्ठी लागते. 'एच-१' औषध देताना दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. 'एक्स'साठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. तेव्हा दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्याशी वाद घालू नका.

घरातल्यांनी काय करावं?

औषध मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह ठेवा. परदेशी जाताना त्या देशाचे नियम आधी पाहा. इथे चिठ्ठीवर मिळणाऱ्या काही गोळ्यांना सौदी अरेबिया आणि अमिरातीत आधी परवानगी लागते. दुसऱ्याचं बंद पाकीट, मग ते नातेवाइकाचं का असेना, नेऊ नका. सामान तुमच्याकडे सापडलं, तर ते कशाचं हे माहीत नव्हतं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

अंगझडतीची वेळ आली तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क आहे. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते.

आणि घरातलं पोरगं नशेत अडकलं असेल तर बदनामीच्या भीतीने लपवू नका. नशा करणारा किंवा अल्प प्रमाणासह सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. मदतीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे. लोक काय म्हणतील ते नंतर बघू, आधी फोन लावा.