न्हाणीघराचा झरोका

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. घरात स्नानाचे पाणी कसे तापत असे, हा इतिहासाचा विषय मानण्याची आपल्याकडे प्रथा नाही. तथापि आपल्या लष्करातील जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर आजही एखादा तांब्याचा बंब धूळ खात पडलेला आढळतो, आणि त्याची कहाणी नीट ऐकली तर ती केवळ स्मरणरंजनाची नाही, हे ध्यानी येते. त्या कहाणीत एक शहाणपण होते. ते आपण बंबाबरोबरच माळ्यावर टाकून दिले आणि त्याची किंमत आमच्या घराला जवळजवळ एका जिवाने मोजावी लागली असती. म्हणून हे टिपण.

दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये उज्जैनहून येऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेच्या अंगाला छावणी केली. ती छावणी पुढे उठलीच नाही. तिचेच लष्कर शहर झाले. सरदारांच्या तळाला मराठीत ‘गोट’ म्हणत. त्या शब्दाचे इथल्या बोलीत ‘गोठ’ झाले आणि चिटणीसांची गोठ यांसारख्या वस्त्यांच्या नावांतून ते आजही टिकून आहे. तंबूंच्या जागी वाडे आले, पण वाड्यांची रचना मात्र मंडळींनी दक्षिणेतून आणली: पुढचा चौक, मागचा चौक, माजघर, आणि मागच्या चौकाच्या कडेला, विहिरीजवळ, न्हाणीघर. इथली थंडी मात्र दक्षिणेतली नव्हती. पौष-माघात पारा दोन-तीन अंशांवर उतरतो अशा गावी पहाटेचे स्नान करणाऱ्या कुटुंबांना ऊन पाणी ही चैन नव्हती, ती गरज होती.

बंब हा शब्दच मुळी प्रवासी. त्याचे नाते पोर्तुगीज ‘बोंबा’शी, म्हणजे पाणी उपसण्याच्या यंत्राशी सांगितले जाते. आग विझवणाराही बंब आणि आग पोटात घेऊन पाणी तापवणाराही बंब, ही गंमत त्यातूनच झाली असावी. याची घडण साधी, पण विचारपूर्वक केलेली असे. बाहेर तांब्याचे उभे नळकांडे, त्याच्या मधोमध एक नळी, नळीच्या तळाशी जाळी. नळीत गोवऱ्या, बाभळीचे तुकडे, कोळसा घालायचा. भोवतालच्या पोकळीत पाणी. राख जाळीतून खाली पडे, खालूनच हवा आत खेचली जाई आणि धूर नळीच्या तोंडातून वर निघे. विस्तवाच्या चारी बाजूंना पाणी असल्याने उष्णता वाया कमी जाई. एक घागर गार पाणी वरून ओतावे, तेव्हा तोटीतून तेवढेच ऊन पाणी घ्यावे, असा घरोघरीचा दंडक असे. बंब कोरडा पडला तर सांधे उसवत. नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी बंब चिंचेने लखलखीत घासून, त्याला हळदकुंकू वाहून पाणी भरण्याचा विधी होई.

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या पाहण्यातील वाड्यांत बंब जिथे असे, तिथे वर भिंतीला छताशी एक झरोका असे, आणि तो कशानेही बंद होण्यासारखा नसे. ना झडप, ना काच. खाली मोरीचे तोंड उघडे, दाराच्या फळ्यांतही फटी. थंडीत त्या झरोक्यातून बोचरा वारा येई. आम्ही मुले तो पोत्याने बुजवीत असू आणि आजी ते पोते ओढून काढीत असे. “विस्तवाला जायला वाट हवी,” एवढेच तिचे कारण. तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते; पण निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून निजलेली माणसे उठत नाहीत, हे उत्तरेतल्या थंडीने तिच्या पिढीला शिकवले होते.

पुढे पाण्याची वाट बदलली. सांक नदीवरील तिघऱ्याचे धरण १९१६ मध्ये पुरे झाले. त्याच्या स्वयंचलित दरवाजांशी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव जोडलेले आहे. १९१७ च्या पावसाळ्यात ते धरण फुटले आणि पुढे पुन्हा उभारले गेले. काळाच्या ओघात लष्करात नळ आले आणि घागर मागे पडली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, नळ आणि बंब शेजारी शेजारी नांदत होते. नंतर रॉकेलचा स्टोव्ह आला, बादलीत सोडायचा विजेचा रॉड आला, मग विजेचा गीझर आला. विजेला ज्वाला नाही, धूर नाही. त्यामुळे झरोक्याची गरजही कोणाला वाटेना. जिथे जिथे न्हाणीघराचे ‘बाथरूम’ झाले, तिथे भिंतींना चकचकीत फरशा लागल्या आणि झरोका काचेने किंवा विटांनी बंद झाला.

गीझर हे नावही दूरचे. आइसलंडमधील ‘गेसिर’ या उकळत्या फवाऱ्यावरून ते आले. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र केले आणि त्याला हे नाव दिले. परंतु त्यात जळालेला वायू घराबाहेर नेणारी नळीच नव्हती, आणि म्हणून ते धोक्याचे ठरले. १८८९ मध्ये नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या एडविन रूड या अभियंत्याने साठ्याचे स्वयंचलित यंत्र सिद्ध केले. धुराला वाट देण्याचा जो धडा पाश्चात्त्यांना नव्याने गिरवावा लागला, तो आमच्या वाड्यातल्या गवंड्याला ठाऊक होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि तोच धडा आम्ही विसरलो. २००३ च्या सुमारास मध्य प्रदेशातील वीजकपात इतकी वाढली होती की ती निवडणुकीचा विषय झाली. पहाटे वीज नाही, मग गीझर काय कामाचा? तेव्हा सिलिंडरवर चालणारे छोटे गॅस गीझर बाजारात दिसू लागले होते. आम्हीही एक घेतला. बसवणाऱ्याने तो बरोबर बंबाच्या जुन्या जागी टांगला. झरोका तर आम्ही आधीच काचेने बंद करून ठेवलेला. त्या जानेवारीत माझी पुतणी स्नानाला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हाकेला उत्तर मिळेना, तेव्हा दार फोडले. ती जमिनीवर पडली होती. सुदैवाने तिला वेळेवर प्राणवायू मिळाला आणि ती वाचली. डॉक्टरांनी कारण सांगितले ते दोन शब्दांत: कार्बन मोनॉक्साइड. शासनाच्या नोकरीत मी आयुष्यभर इतरांच्या घरांच्या नकाशांवर सह्या केल्या. स्वतःच्या न्हाणीघरातला एक झरोका बुजवताना मात्र मला काही सुचले नाही, ही खंत अजून गेलेली नाही.

यामागील शास्त्र थोडक्यात असे. आपल्या सिलिंडरमधील वायूच्या एका घनफळाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे चोवीस ते एकतीस पट हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर स्वयंपाकाचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवावेत इतका गॅस जाळतो. लहानशा बंद खोलीत प्राणवायू उणा पडताच ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. डोके जड होते, पाय लटपटतात आणि कडीपर्यंत हात पोहोचत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी जुना गीझर बदलण्याचे काम निघाले असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी नमूद करतो. गॅस गीझर स्नानगृहात नकोच. तो गच्चीवर किंवा मोकळ्या सज्ज्यात बसवावा आणि केवळ उन्हे पाण्याची नळी आत आणावी. घरातल्या घरात ठेवणे अपरिहार्यच असेल, तर जळका वायू थेट बाहेर नेणाऱ्या धुराड्याचा प्रकार घ्यावा, शिवाय हवा आत येण्यासाठी खाली आणि बाहेर जाण्यासाठी वर, अशा दोन कायम उघड्या जागा ठेवाव्यात. पंख्यावर विसंबू नये. हवा आत येण्यास वाट नसेल तर तो धुराड्यातला वायूच उलटा आत ओढतो. भारतीय मानक ब्यूरोने या छोट्या उपकरणांसाठी २००५ मध्ये स्वतंत्र मानक केले आहे, त्याची खूण पाहूनच खरेदी करावी. विजेचा गीझर घेतल्यास त्याच्या दाबमोचक झडपेतून थेंब गळतात म्हणून ती बुजवू नये. ते गळणे हेच तिचे काम आहे. ऊन पाण्याला साधी पीव्हीसी नळी चालत नाही. आणि आपल्या जुन्या चुन्याच्या भिंतींवर पंचवीस लिटरचा भरलेला गीझर टांगण्यापूर्वी भिंत ठोकून पाहावी, कारण एवढे नुसते पाणीच पंचवीस किलोचे असते.

आमच्या घरी आता विजेचा गीझर आहे. त्याला धुराड्याची आवश्यकता नाही. तरीही पुतणी घरी परतली त्याच आठवड्यात मी गवंडी बोलावून झरोक्याची काच काढवली. काच निघाली तेव्हा आतल्या दगडावर काजळीचा जुना थर तसाच होता. गवंड्याने तो घासून काढू का, असे विचारले. मी नको म्हटले. माघात तिथून बोचरा वारा येतो आणि घरातली मुले तक्रार करतात. त्यांना मी आजीचेच वाक्य ऐकवतो, फक्त आता त्यामागचे कारणही सांगतो.