प्रोफेसर ल्युपिन दर महिन्याला आजारी का पडायचे?

किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांमध्ये एक पात्र हमखास भेटतं. शांत, थकलेलं, स्वतःबद्दल फारसं न बोलणारं. वेळ येते तेव्हा ते असं काही करून दाखवतं की सगळे बघत राहतात, आणि मग त्याचा भूतकाळ उलगडायला लागतो. अशी बरीच पात्रं फसतात, कारण रहस्य शेवटी अचानक समोर येतं आणि आधी त्याचा मागमूसही नसतो. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकात (१९९९) मात्र हे जमून आलंय. पुस्तक वाचलं नसेल तर सावधान, पुढे सगळी रहस्यं फोडली आहेत!

फाटके झगे घालणारे रीमस ल्युपिन हॉगवर्ट्समध्ये शिकवायला येतात. शिकवतात उत्तम, पण अधूनमधून आजारी पडतात. समोरच्याला ज्याची भीती वाटते त्याचं रूप घेणारा बॉगार्ट त्यांच्यापुढे येतो, तेव्हा चंदेरी गोळा होतो. वर्गातल्या लॅव्हेंडरला तो भविष्य बघायचा स्फटिकाचा गोळा वाटतो. प्रत्यक्षात तो असतो पूर्ण चंद्र. ल्युपिन लहानपणी चावा घेतला गेल्यामुळे पौर्णिमेला लांडगा होतात. नावातच सगळं आहे: लॅटिनमध्ये 'लुपुस' म्हणजे लांडगा, आणि रोमच्या दंतकथेतला रीमस लांडगीच्या दुधावर वाढला होता. इतक्या खुणा समोर असूनही हे ओळखते ती फक्त हर्मायनी.

आता रॉनचा उंदीर बघा. स्कॅबर्स घरात येऊन १२ वर्षं झालेली असतात. साधा उंदीर तीनेक वर्षं जगतो, हे पुस्तकातली दुकानदारीणच सांगते. त्याच्या पायाचं एक बोटही नसतं. आणि मेला असं समजल्या गेलेल्या पीटर पेटिग्र्यूचं फक्त एक बोट सापडलेलं असतं. वाचकाला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात, म्हणून त्या जुळत नाहीत.

पण या पुस्तकाची खरी ताकद पुढे आहे. ल्युपिन यांचे मित्र जेम्स, सिरियस आणि पीटर हे प्राण्याचं रूप घ्यायला शिकतात, तेही सरकारी नोंद न करता. कशासाठी? लांडगा झालेला ल्युपिन माणसांना धोकादायक असतो, प्राण्यांना नाही. मित्राला त्या रात्री एकटं राहावं लागू नये, एवढ्यासाठी. पुढे याच विद्येच्या जोरावर पीटर १२ वर्षं लपून राहतो आणि सिरियस तुरुंगातून निसटतो. म्हणजे कौशल्य आणि भूतकाळ या दोन गोष्टी नाहीतच, एकच आहे.

रहस्य फुटल्यावर टाळ्या मिळत नाहीत, हेही महत्त्वाचं. स्नेपच्या तोंडून बातमी बाहेर पडते आणि ल्युपिन राजीनामा देतात, कारण आपल्या मुलांना 'असल्या' माणसाने शिकवलेलं पालकांना चालणार नाही हे त्यांना माहीत असतं. एचआयव्हीसारख्या, समाजात कलंक मानल्या गेलेल्या आजारांचं हे रूपक असल्याचं रोलिंग यांनी नंतर सांगितलं आहे.

२००४ चा चित्रपट दिसायला सुंदर आहे, पण जादुई नकाशा कोणी बनवला हे तो सांगतच नाही. त्यामुळे जेम्स हरणाचं रूप घ्यायचा, हेही कळत नाही. हॅरीच्या मंत्रातून हरीणच का बाहेर पडलं, हा प्रश्न फक्त चित्रपट पाहिलेल्यांना म्हणूनच पडतो.