दिनविशेष : १७ सप्टेंबर – बीड रेल्वेच्या नकाशावर

२०२५ : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी बीड शहरातून अहिल्यानगरसाठी पहिली प्रवासी गाडी सुटली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखवला.

त्याआधी जिल्ह्यात रेल्वे म्हटले की परळी आणि घाटनांदूर हीच नावे पुढे येत. निजामकालीन विकाराबाद–परळी मार्गावरचे घाटनांदूर हे अंबाजोगाईकरांचे जवळचे स्थानक. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही, म्हणून पिशव्या-बोचकी घेऊन एसटीने किंवा जीपने घाटनांदूर गाठायचे, मग पुढे पानगाव, लातूर रोड, उदगीर. जिल्ह्याचे मुख्यालय मात्र रुळांविनाच राहिले.

अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. त्याच्या खर्चाचा निम्मा वाटा राज्य सरकारने उचलला. दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांनी या मार्गासाठी सातत्याने पाठपुरावा केला होता. मार्ग टप्प्याटप्प्याने पुढे सरकला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहिल्यानगर–न्यू आष्टी या ६६ किलोमीटरच्या टप्प्यावर डेमू धावली. कडा, आष्टीकरांना दारात गाडी मिळाली. पुढे अमळनेर, रायमोहा, राजुरी अशी स्थानके घेत रूळ बीडला पोहोचले. वडवणी, सिरसाळा ओलांडून ते परळीला भिडले की बीडची गाडी घाटनांदूरच्या जुन्या मार्गाला जोडली जाईल.