नारू : निदान, उपचार आणि बारव

नारूचे निदान करण्यास वैद्याची गरज पडत नसे. पायाच्या त्वचेखाली दोरीसारखा जंत बोटांस लागे, त्यावर फोड येई आणि फोड फुटला की पांढरे टोक बाहेर डोकावे. ‘भावप्रकाशा’त (१६ वे शतक) वर्णिलेला स्नायुक रोग तो हाच, असे सामान्यतः मानले जाते. उपचारही जुनाच : टोक काडीस गुंडाळून रोज थोडा थोडा जंत ओढून काढणे. ६० ते १०० सेंटिमीटर लांबीची मादी पुरती निघण्यास कित्येक आठवडे लागत. मध्येच तुटल्यास पाय चिघळे, क्वचित सांधा कायमचा आखडे. जंतास मारणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही.

निदान सुलभ, परंतु कारण मात्र दुर्बोध राहिले; आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे मूळ कालावधीत आहे. पाणी पोटात गेल्यापासून जंत बाहेर येईपर्यंत सुमारे वर्ष लोटते. गतसालच्या घोटाचा यंदाच्या फोडाशी संबंध कोणी जोडावा? १८७० च्या सुमारास फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानात सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचरात नारूच्या अळ्या वाढताना पाहिल्या. पुढे १९१३ च्या सुमारास परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) डॉ. तुरखुड यांनी असे जलचर माणसांना पाजून रोग निर्माण होतो, हे दाखविले.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यासारख्या अवर्षणग्रस्त मुलखात हा संबंध बारवेपाशी उलगडतो. उन्हाळ्यात पाणी तळाशी जाई. पायऱ्या उतरून घागर भरताना नारूग्रस्त पाय पाण्यात बुडे आणि मादी त्याच क्षणी असंख्य अळ्या सोडी. आटलेल्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटीही अधिक. वर्षाने जंत निघे तेव्हा पुन्हा उन्हाळाच असे! पोहऱ्याने शेंदावयाच्या आडात पाय बुडत नसल्याने हे चक्र तेथे चालत नसे. बारवा बांधणे हे पुण्यकर्म. ज्यांनी अनेक बारवा बांधविल्या त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातील चौंडीच्याच. त्या पुण्यकर्मास येथे दोष द्यावयाचा नाही; दोष पायऱ्यांचा होता.

म्हणून १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाने रोग्याइतकेच लक्ष पाण्याकडे दिले : फडक्याने गाळणे, टेमेफॉस टाकणे, पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर, हातपंप. महाराष्ट्र हे त्यातील रोगग्रस्त राज्यांपैकी एक होते. देशातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. आफ्रिकेतील चाड देशात मात्र २०१२ पासून कुत्र्यांतही नारू आढळू लागला. तेथे कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या मासळीवाटे संसर्ग होत असावा, असा तर्क असल्याने पाणी गाळण्याबरोबरच मासे नीट शिजविण्यास व त्यांची आतडी पुरण्यास सांगितले जाते.