तिसरी इयत्ता आणि दुसरी भाषा

सीमाभागातील मराठी माणसाचा कन्नड शिकण्यालाच विरोध आहे, असा समज बेळगावबाहेर पुष्कळांचा असतो. आमच्या मागच्या पिढ्या बाजारात कन्नड बोलत, कचेरीत कन्नड समजून घेत आणि घरी मराठी पोथी वाचत. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. वाद निर्माण झाला तो शाळेच्या दारात. दुसरी भाषा मुलाला कोणत्या वयात आणि कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवावी, हा त्याचा गाभा आहे.

या वादाचा आरंभ १९५६ च्या बराच आधीचा आहे, आणि तो आम्हाला फारसा सोयीचा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातील शाळांतून कन्नड घरांतली मुले मराठीतून शिकत होती. डेप्युटी चन्नबसप्पांनी धारवाड भागात कन्नड शाळांसाठी जी धडपड केली, ती याच कारणाने. घरात एक भाषा आणि फळ्यावर दुसरी, हा जाच कानडी मुलांनी आमच्या आधी सोसलेला आहे. सीमावासीयांनी हे विसरू नये, असे आम्हाला वाटते. तेव्हाचे त्यांचे म्हणणे आणि आजचे आमचे म्हणणे यांत शब्दाचाही फरक नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न प्रथम नीट मांडला गेला तो ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत. शाळेत एका भाषेची ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर त्यांच्या मातृभाषेचा निदान एक शिक्षक द्यावा, हा त्या ठरावाचा भाग अनेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग मात्र क्वचितच कोणी वाचतो. प्रादेशिक भाषा मातृभाषेहून वेगळी असेल तर ती तिसरीच्या आधी सुरू करू नये, आणि कनिष्ठ मूलोद्योग टप्पा संपेपर्यंत, म्हणजे पाचवीपर्यंत, लांबवूही नये, असे त्यात म्हटले होते. ती शिकवायची हे गृहीतच होते. प्रश्न वेळेचा होता. पुढे माध्यम बदलल्यावर पहिली दोन वर्षे मुलाला मातृभाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा असावी, इतका बारीक विचारही त्यात आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांनी मुले जवळून पाहिली असली पाहिजेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर आले. जखम आणि मलमपट्टी एकाच तारखेची.

गोकाक समितीच्या अहवालानंतर १९८२ मध्ये कर्नाटक सरकारने कन्नडला शाळेत एकमेव प्रथम भाषेचे स्थान दिले. भाषिक अल्पसंख्याकांवरील ही सक्ती उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८९ मध्ये रद्द ठरवली. मग सरकारने त्याच वर्षी जो नवा आदेश काढला, त्यात कन्नडेतर मुलांसाठी कन्नड तिसरीपासून, ऐच्छिक आणि वर्षअखेरीच्या परीक्षेविना ठेवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९३ मध्ये हा आदेश उचलून धरला. चाळीस वर्षे भांडून सर्वजण पुन्हा तिसरीपाशीच आले!

तिसरीच का? मराठी मूल तोवर वाचू लागलेले असते. कन्नड वर्णमालेचा क्रम त्याला पाठ असतो, कारण तो त्याचाच आहे. शिकायची ती अक्षरांची वळणे. ‘मला पुस्तक पाहिजे’ आणि ‘ननगे पुस्तक बेकु’ या वाक्यांत शब्दास शब्द बसतो. निर्जीव वस्तू कन्नडमध्ये सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘तो’ की ‘ती’ हा घोर नाही. (उलट मराठी शिकणारे कानडी मूल याच ठिकाणी अडखळते.) अडचण आहे ती कानाची. ‘एरडु’ म्हणजे दोन, त्यातला ए ऱ्हस्व. ‘एळु’ म्हणजे सात, त्यातला ए दीर्घ. मराठी कानाला हा भेद आपोआप कळत नाही. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक ही गोष्ट एका तासात समजावतो. नुसती कन्नड जाणणाऱ्याला मूल कुठे चुकते हेच कळत नाही. आणि जे मूल अजून मराठीही वाचत नाही, त्याला यातले काहीच सांगता येत नाही.

द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी होती आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड कवी म्हणून मिळाला. त्यांनी मराठीतही लिहिले. पहिली भाषा पुसून दुसरी येते असे मानणाऱ्यांनी धारवाडच्या या कवीकडे पाहावे.

आमची बाजू मांडताना एक निकाल आम्ही लपवत नाही. महाराष्ट्राने गुजराती शाळांना मराठी विषय सक्तीचा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये वैध ठरवला. जो न्याय मुंबईच्या गुजराती मुलाला, तोच खानापूरच्या मराठी मुलाला लागतो. राज्यभाषा शिकवण्यासच हरकत घेणारा अर्ज आज न्यायालयात टिकणे कठीण. परंतु कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिलीपासून आणली आणि तिसरीचा उंबरठा पुसला. महाराष्ट्राने २०२५ मध्ये हिंदी पहिलीपासून आणण्याचा आदेश काढला, तेव्हा लहान वयावर भाषांचे ओझे नको असे म्हणत तिकडची मंडळी रस्त्यावर आली आणि जूनमध्ये तो मागे घ्यावा लागला. हेच आम्ही इकडे म्हणतो तेव्हा त्याला हट्ट का म्हणतात, हे आम्हाला उमगलेले नाही.

२०१५ च्या कायद्यात कन्नड ‘पहिली किंवा दुसरी भाषा’ म्हणून शिकवण्याचा पर्याय आहे. मराठी शाळांच्या शाळा सुधारणा समित्यांनी त्या ‘दुसरी’ या शब्दावर बोट ठेवावे. पहिलीदुसरीत कन्नड केवळ कानावर पडू द्यावी, गाणी, गोष्टी, आकडे इतकीच; पाटीवर लिहिणे तिसरीपासून; आणि शिकवणारा मराठी समजणारा असावा. हे लेखी मागावे आणि अर्जाची पोच घ्यावी.